‘दगडाला हात लावल्यानं काय होतं?’

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की भुसावळ-जळगावच्या ग्रुपांवर मालवणच्या स्कूबाचे व्हिडिओ पडायला लागतात. यंदा सोबत एक मेसेजही फिरतोय. त्याचं म्हणणं असं: प्रवाळ म्हणजे दगडच, हात लावल्यानं झिजत नाही, तो मरतो समुद्र तापल्यानं, पर्यटकांमुळे नाही, आणि बोटी वाढतील तितका समुद्र सर्वसामान्यांना खुला होईल.

दगडाचं आधी उरकू. प्रवाळ हा प्राणी आहे. आपल्याला दिसतो तो त्यानं बांधलेला चुन्याचा सांगाडा, आणि त्यावर जिवंत पेशींचा पातळ पापुद्रा. टाच घासली की निघतो तो पापुद्रा. गोल, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला.

समुद्र तापतोय हे खरंच. १९९८, २०१६, मग २०२४, जगभर प्रवाळ पांढरं पडलं. पण तापानं फणफणलेल्या बैलाला आपण औताला जुंपतो का? आजारी प्रवाळावर वरून बोटीचा नांगर पडला, तर ते सावरायचं कधी?

आता बोटींचं, कारण मेसेज सगळ्यांना पटतो तो इथेच. मागच्या वर्षी भाच्याला घेऊन कोकणात गेलो होतो. नंबर लागला, मास्क चढवला, गाइडनं दंडाला धरून खाली नेलं. खाली त्यानं पाव कुस्करला, मासे झुंबडले, व्हिडिओ झाला, पुढचा नंबर. भाच्याचे पाय कशावर टेकले होते ते घरी व्हिडिओ थांबवून पाहिल्यावर कळलं. पावाला सोकावलेले मासे प्रवाळावरचं शेवाळ चरायला कमी फिरतात आणि शेवाळ माजतं, हे तर कुणी सांगतच नाही.

भाचा खूश होता. असणारच, पहिल्यांदाच पाहिलं होतं त्यानं. जळगावकडच्या बामणोदच्या नावाजलेल्या वांग्याचं भरीत कधी खाल्लंच नाही त्याला शहरातल्या हॉटेलातलंही झकास लागतं. गर्दीला कंटाळून जो गुपचूप दुसरीकडे पोहायला गेला, त्याला ‘मजा आली का?’ असं विचारायला कुणी जात नाही. बोटीवर उरतात ते सगळे खूशच, म्हणून ‘सगळे खूश आहेत’ हा काही पुरावा नाही.

धंदा बंद करा असं माझं म्हणणं नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर बोटवाले प्रत्येक पर्यटकामागे संवर्धनाचं शुल्क भरतात. तिथल्या व्हिटसंडे बेटांच्या काही भागांत तर बोटीची लांबी आणि माणसांची संख्या ठरवून दिलीय, म्हणजे स्वतःची होडी घेऊन येणाऱ्यालाही निवांत जागा मिळते.

आणि बोटी वाढल्या की समुद्र खुला होतो म्हणे! थायलंडमधल्या एका बेटाच्या माया बे या किनाऱ्यावर रोज हजारो माणसं उतरायची. तिथलं प्रवाळ इतकं मोडलं की २०१८ मध्ये तो किनारा सगळ्यांनाच बंद झाला, थेट २०२२ च्या जानेवारीपर्यंत. आता जाता येतं, पण बोटी बेटाच्या मागच्या अंगाला लावून, चालत.