बेट अंगाला न लागू देता मॉरिशसमध्ये कसे राहावे

एबेन या कार्यालयांच्या वसाहतीतल्या काचेच्या इमारतीत फंडांचे हिशेब बघायला तुमची नेमणूक झाली, अभिनंदन. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. एवढ्याशा जागेत इथल्या माणसांशी ओळख होण्याचा धोका फार. तो टाळायचे दोनच खात्रीचे उपाय आहेत, गोल्फ आणि बाहेरचं जेवण. दोन्ही नेमाने सांभाळलेत तर करार संपल्यावर, आलात तसेच कोरडे परत जाल.

आधी मैदानांबद्दल, कारण तुमच्यासाठीच ती तयार झाली आहेत. या बेटाच्या मोठ्या भागावर ऊस असे. २००६ पासून युरोपीय संघाने साखरेची खरेदी किंमत टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवली, आणि जुन्या मळेवाल्यांना उमगलं की उसापेक्षा अठरा भोकं आणि त्यांच्या कडेने बंगले हे पीक जास्त भरवशाचं. त्याला पाणी लागतं, पण तोडणी कामगार लागत नाहीत. (आपल्याकडच्या साखरसम्राटांना हे अजून कसं सुचलं नाही, हे कोडंच आहे.) ठरावीक योजनांमधलं पावणेचार लाख डॉलरचं घर घेतलं की परदेशी माणसाला राहण्याचा परवानाही मिळतो. तेव्हा ‘मी खेळायला आलोय’ असं म्हणू नका, ‘गुंतवणूक पाहतोय’ म्हणा. क्लबहाउसमधली खुर्ची लगेच पुढे सरकते.

वाक्वाच्या जिमखान्यावर पहिल्याच महिन्यात जाऊ नका. ते ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केलेलं मैदान, पठारावरचं, पावसाळी आणि खिशाला परवडणारं. तिथे स्थानिक लोक खेळतात. तुम्ही सरळ इल ओ सेर्फ गाठा. जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगरने आखलेलं हे मैदान बेटाशेजारच्या छोट्या बेटावर आहे, म्हणजे एका बेटापासून दूर राहण्यासाठी दुसरं बेट. पूर्व किनाऱ्यावरच्या त्रू दो दूसहून होडीने जावं लागतं. सातची वेळ मिळत असेल तर सोडू नका. आग्नेयेचे व्यापारी वारे दिवस चढतो तसे जोर धरतात, आणि जून ते सप्टेंबरात पूर्व किनाऱ्यावर ते अंगावरच येतात.

चेंडू डझनभर घ्या. तीनवर भागतं असं सांगणारा तिथे खेळलेला नसतो. फेअरवेच्या, म्हणजे खेळायच्या कापलेल्या हिरवळीच्या पट्ट्याच्या, एका बाजूला खाडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि मध्येच ज्वालामुखीचा काळा कातळ. कातळावर पडलेला चेंडू कुठे उडेल याचा हिशेब भौतिकशास्त्रालाही जमत नाही. चेंडू हरवलासा वाटला तर जागा सोडण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) असं मोठ्याने म्हणून दुसरा मारा. शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, पाच नव्हेत. तीन मिनिटांनंतर सापडलेला चेंडू नियमाप्रमाणे हरवलेलाच असतो, हे सोबतच्या साहेबांना सांगायचं नसतं. खारफुटी लाल खुंट्यांच्या (दंडाच्या जागेच्या) आत असली तर एक फटका दंड देऊन बाहेर ड्रॉप घ्या, म्हणजे चेंडू हाताने बाहेर टाका. चिखलात उतरून मर्दुमकी दाखवणाऱ्याचे बूट जातात आणि फटकेही तीन जातात.

आता वारा. समोरून वारा असला की तुम्ही जोर लावाल, लावाच. जोराने मारल्यावर चेंडूला उलटी फिरकी जास्त बसते, तो फुग्यासारखा वर चढतो आणि पुढे जाण्याऐवजी टपकन खाली येतो. जाणकार लोक दोन क्लब वाढवून (म्हणजे जास्त लांब मारणारी काठी) घेतात, पकड इंचभर खाली धरतात, चेंडू उजव्या पायाकडे जरा सरकवून ठेवतात आणि पाऊण स्विंगनेच मारतात. हे बघायला अजिबात रुबाबदार नसतं, म्हणून तुमच्या कामाचं नाही. तसंच पाट्यांवरचे आकडे मीटरमध्ये आहेत की यार्डात, ते आधी विचारणंही कमीपणाचं. दीडशे मीटर म्हणजे १६४ यार्ड होतात. फरक एका क्लबहून जास्तच. पुढच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, उभं राहून वाऱ्याला शिव्या देता येतात.

समुद्राकाठच्या मैदानांवर बहुधा पास्पालम गवत लावतात, कारण ते खारं पाणी सोसतं. फेअरवेवर चेंडू त्यावर छान टेकून बसतो, पण रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, तेच गवत क्लबचा गळा धरतं. भोकाभोवतालच्या ग्रीनजवळ चिप (आखूड, उचलता फटका) मारताना चेंडू जाईल असं वाटतं तेवढा घरंगळत नाही. थोडा लांब टाका.

हँडिकॅपकडे, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीकडे, मात्र घरच्या दागिन्यांसारखं लक्ष द्या. शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम आठांची सरासरी काढतात. म्हणजे चुकून एक फेरी झकास झाली तर सरासरीचा आठवा हिस्सा तीच ठरवते, सवलत घटते, आणि पुढच्या वीस फेऱ्या खेळून होईपर्यंत ती फेरी यादीतून हटत नाही. कंपनीच्या स्पर्धेत बक्षीस हवं असेल तर चांगल्या दिवशी कार्ड भरायला ‘विसरा’. विसरणं नियमात बसत नाही, पण सगळेच विसराळू असतात.

खेळ झाला की जेवण. किनाऱ्यावरच्या हॉटेलात फ्रेंच मेनू मागवा आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवा. ती बहुधा ‘सालाद द पामिस्त’ असते. ताडाच्या जातीचं, काही वर्षं वाढवलेलं अख्खं झाड तोडून त्याच्या गाभ्याचे पांढरे काप, वर मार्लिन माशाचे धुरावलेले तुकडे. चवीला ती काकडीच्या आसपासच असते, पण एका बशीसाठी एक झाड पडलं याची किंमत बिलात दिसते. बिलावर १५ टक्के व्हॅट धरलाय की नाही, ते आधीच पाहा. वाढप्याला टीप देणं बंधनकारक नाही. देणारे बिलाच्या पाच-दहा टक्के ठेवतात. तुम्ही मात्र ‘सर्व्हिस चार्ज लावला असेलच ना?’ असं विचारून मोकळे व्हा.

वाढप्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचू नका. इथे आलेल्या गिरमिटिया (करारबद्ध) मजुराचं पाळण्यातलं नाव पुढे त्याच्या घराण्याचं आडनाव झालं. फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगमागे एखादा सखाराम निघायचा. एकदा ते कळलं की तो कास्काव्हेलचा निघतो, मग तिथल्या महाराष्ट्र भवनाचा विषय निघतो, मग त्याची मुलगी शाळेत मराठी शिकते हेही कळतं, आणि जेवण गार होतं.

याहून घातक म्हणजे रस्त्याकडेची ढोल पुरी. टपरीवर किंवा मोटारसायकलच्या मागच्या पेटीतून विकतात, कागदात गुंडाळून, जोडीने. पिवळी वाटाण्याची डाळ बोटाने चिरडेल इतपतच शिजवतात. जास्त शिजली की पाणी धरते आणि लाटताना पुरी फाटते. निथळून हळद-जिरं घालून ती कोरडी वाटतात, डाळीच्याच पाण्यात मैदा मळतात, सारण भरून कागदासारखी पातळ लाटतात आणि तेल लावलेल्या तव्यावर टाकतात. गूळ घालायला विसरलेली पुरणपोळीच ती. आत मोठ्या घेवड्याची आमटी, टोमॅटोची रुगाय (मसालेदार रस्सा) आणि मिरची. मिरची ‘थोडीच’ म्हणून सांगावी लागते, नाहीतर पुढचे दोन होल रडत खेळावे लागतात. दुपारपर्यंत माल संपतो, आणि उघडी ठेवली तर पुरी काही मिनिटांत वाळून कडक होते. म्हणजे उभ्याने, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत, अनोळखी माणसांच्या रांगेत खावी लागते. जोडीचा खर्च एका बऱ्या चेंडूहून कमी. ज्या गोष्टीचं बिल कंपनीकडून वसूल करता येत नाही, ती टाळलेलीच बरी.

शेवटची एक सूचना. गणेश चतुर्थीची इथे देशभर सरकारी सुट्टी असते. कार्यालय बंद, मैदान मोकळं, म्हणून तुम्ही तामारेंच्या बाजूला वेळ आरक्षित करालच. त्या पश्चिम पट्ट्यात मराठी वस्ती जुनी आणि दाट आहे, विसर्जनाच्या मिरवणुका त्याच रस्त्याने समुद्राकडे निघतात. दुपारची वेळ घेऊ नका, सकाळी सहाच्या आत घर सोडा. स्पर्धा असेल तर पाच मिनिटांपर्यंतच्या उशिराला पहिल्याच होलवर दोन फटके दंड आहे, त्यापुढे सरळ बाद. अडकलातच तर स्पर्धेच्या समितीला फोन करून सांगा, कसलातरी स्थानिक सण आहे म्हणून.