मत्तय १०:५ आणि २८:१९: शब्द एकच

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या दोन आज्ञांवर एक लेख आहे. त्यात म्हटलंय, ‘परराष्ट्रीयांकडे (यहुदी नसलेल्यांकडे) जाऊ नका’ (१०:५) आणि ‘सर्व राष्ट्रांना शिष्य करा’ (२८:१९) यांत सरळ विसंगती आहे. ग्रीकमध्ये दोन्हीकडे ‘एथ्नॉस’ (राष्ट्र) याच शब्दाचं रूप आहे, म्हणजे शब्दांच्या फरकाची पळवाट नाही. फरक काळाचा: पहिली आज्ञा येशूच्या बारा शिष्यांच्या त्या प्रचारफेरीपुरती, दुसरी येशूच्या पुनरुत्थानानंतरची. पण इथेच थांबलं तर चुकतं, कारण १०:१८ मध्ये परराष्ट्रीयांपुढे साक्ष आधीच येते. खरी अडचण १०:२३ आहे: ‘इस्राएलची सगळी गावं फिरून होण्याआधी मनुष्याचा पुत्र येईल.’ ती लेखात नाहीच! ठाण्यातल्या बायबल अभ्यासवर्गांनी दहावा अध्याय सलग वाचावा, मग १५:२१-२८ (कनानी बाईची गोष्ट), शेवटी प्रेषितांची कृत्ये १० आणि गलतीकरांस २:७-९. सुटी वचनं जुळवत बसलं की घोळ होतो. बारांपैकी एक असलेल्या पेत्रालाही कर्नेल्याकडे, म्हणजे एका परराष्ट्रीय रोमी अधिकाऱ्याकडे, जायला दृष्टान्त लागला होता.