सुई लागली की पसरतो म्हणे!

मावशीच्या छातीत गाठ आहे. सोनोग्राफी झाली, डॉक्टरांनी बायॉप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं, सांगितली, गुरुवारची वेळही ठरली. बुधवारी रात्री तिचा फोन: "मी नाही जाणार. आधी हे वाच." पाठोपाठ तो मेसेज, डोक्यावर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' मिरवणारा. पाच मुद्दे, प्रत्येकापुढे लाल उद्गारचिन्ह, तळाशी 'प्रत्येक स्त्रीपर्यंत पोहोचवा'. पोहोचला की! नेमका गाठ असलेल्या बाईपर्यंत, तोही बायॉप्सीच्या आदल्या रात्री.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक: 'गाठीला सुई लावू देऊ नका. डिवचलेला कॅन्सर अंगभर पसरतो.'

यात सत्याचा एक कण आहे, तो आधी देऊन टाकते. सुई बाहेर येताना वाटेत थोड्या पेशी सांडू शकतात, हे डॉक्टरही नाकारत नाहीत. पण सांडलेलं प्रत्येक बी रुजत नाही. या पेशी बहुतेक तिथेच मरतात, आणि गाठ कॅन्सरची निघालीच तर पुढे ऑपरेशन असतं, गरजेप्रमाणे रेडिएशन असतं. सुई लावली म्हणून बायका जास्त दगावतात, असं आढळलेलं नाही. मग 'बायॉप्सी केली आणि महिन्यात पसरला' हे किस्से येतात कुठून? ज्यांचा आधीच पसरलेला असतो, त्यांनाही ते बायॉप्सीनंतरच कळतं. कोंबडा आरवला म्हणून उजाडलं, असला हा हिशोब.

आणि त्या सुईत असतं काय? जागा बधिर करतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई आत जाते, स्टेपलरसारखा खट् आवाज होतो, आणि सुईच्या खाचेत दोऱ्याएवढा पांढुरका तुकडा येतो. असे काही तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकून लॅबमध्ये पाठवतात. गाठ साधी आहे की कॅन्सरची, हे त्या दोऱ्यावरून कळतं. कॅन्सरची असेल तर ईआर, पीआर (पेशींवरच्या हार्मोनच्या खुणा) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, हेही. ईआर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनला रोखणारी गोळी लागू पडते, हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबसारखं औषध. काहींना आधी केमो देऊन गाठ लहान करतात, मग ऑपरेशन. ब्रेस्ट कॅन्सर हा एकच एक रोग नाही. समोरचा कुठला, हे सुईशिवाय कसं ओळखायचं ते मेसेजवाल्याने सांगावं. गाठ साधी निघाली तर याच सुईमुळे अनेकींचं ऑपरेशनही टळतं.

'दुखत नसेल तर घाबरू नका.' उलट आहे, बाई. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात हे खरं, पण 'निघतात' म्हणजे तपासल्यावर.

ब्रा आणि डिओडरंटने कॅन्सर होतो म्हणे: यावर वेळ घालवत नाही. ब्राचा संबंध तर 2014 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या संशोधकांनी दीड हजारांहून जास्त बायकांना कप, तार, दिवसाचे तास सगळं विचारून पाहिला. काही निघालं नाही.

मॅमोग्राफीचं, म्हणजे छातीच्या एक्स-रे तपासणीचं, रेडिएशन घातक? साधारण 0.4 मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून दोनेक महिन्यांत आपल्या अंगावर येतं साधारण तेवढंच. मॅमोग्राफीत कधी उगाच शंका निघते, कधी आयुष्यभर त्रास न देणारी गाठही सापडते, हे मी मान्य करते. पण तो वाद तक्रार नसलेल्या बायकांच्या तपासणीचा आहे. मावशीच्या तर हातालाच गाठ लागतेय.

आणि शेवटी खरा माल: 'साखर बंद करा, अमुक रस प्या, चाळीस दिवसांत गाठ विरघळते.' इथे माझं डोकं फिरलं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 'जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट'मध्ये 281 रुग्णांचा अभ्यास छापला. या सगळ्यांचा कॅन्सर अजून दूर पसरलेला नव्हता, आणि सगळ्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी मार्ग धरला होता. त्यांच्यासारख्याच, पण नेहमीचे उपचार घेतलेल्या 560 जणांशी तुलना केली. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये मृत्यूचा धोका 5.68 पट निघाला. पट, टक्के नव्हे. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नाही हा, पण असा प्रयोग करायला कोण धजेल?

पाळी गेल्यानंतर वाढलेल्या वजनाने धोका वाढतो, तेव्हा साखर कमी केली तर बिघडत काही नाही. गंमत म्हणजे जिच्याने धोका वाढतो हे पक्कं ठाऊक आहे, त्या दारूबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

गुरुवार हुकला. आता सोमवारची वेळ मिळालीय. मावशीने स्वतःही तो मेसेज अकरा जणींना पाठवला होता. त्यातल्या एकीलाही गाठ आहे, हे तिला काल रात्री आठवलं. सकाळपासून मावशीचा फोन एंगेज लागतोय.