आधी गुणतक्ता, मग विषाणू

साथ पुन्हा येईल की नाही ते शास्त्रज्ञ सांगतील. पण आलीच, तर फुटबॉल बंद पडेल आणि बंद पडलेला फुटबॉल कधी सुरू करावा यावर तुम्हाला मत द्यावं लागेल, एवढं मी आताच सांगतो. कोरोनाच्या वेळी, मार्च २०२० मध्ये, पुष्कळ जण बेसावध सापडले. १२ मार्चला इंग्लंडच्या प्रीमियर लीगने शनिवार-रविवारचे सामने ठरल्याप्रमाणे होतील असं जाहीर केलं, त्याच रात्री आर्सेनलचे प्रशिक्षक मिकेल आर्टेटा पॉझिटिव्ह निघाले आणि दुसऱ्या दिवशी सगळं ठप्प. खुद्द लीगची ही गत, तर बदलापूरच्या चाहत्याने काय करावं? बिचाऱ्याने पहिला आठवडा नुसती काळजी करण्यात घालवला. पुढच्या वेळी तुमचा वेळ असा वाया जाऊ नये, म्हणून हा प्रपंच.

मत बनवायला साथरोगांचा अभ्यास लागत नाही, गुणतक्ता लागतो. आपला संघ कितव्या नंबरावर आहे ते पाहा, मग विषाणू किती घातक आहे ते ठरवा. उलट क्रमाने गेलात तर अडचणीत याल.

समजा, तुम्ही लिव्हरपूलचे आहात. २९ सामन्यांत ८२ गुण, दुसऱ्या नंबरावरच्या मँचेस्टर सिटीपेक्षा २५ जास्त, तीस वर्षांनी लीग हातात यायला फक्त दोन विजय बाकी. अशा वेळी तुमचं मत असं, की आयुष्य थांबवून चालत नाही. लोकांच्या मानसिक आरोग्याचं काय? स्टेडियमबाहेर खाण्यापिण्याची गाडी लावणाऱ्याच्या पोटाचं काय? (सामने रिकाम्या स्टेडियममध्ये होणार, मग त्याच्या गाडीवर जाणार कोण, असं विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढून टाका.) आकडे उतरणीला लागलेत, असं दिवसातून एकदा म्हणा. कुठले आकडे ते सांगायची गरज नसते. मात्र ११ मार्च २०२० चा विषय निघाला की फोन चार्जिंगला लावा. त्या दिवशी माद्रिदमधल्या शाळा बंद होत्या, स्पेनमधल्या लीगचे सामने प्रेक्षकांविना व्हायचं ठरलं होतं, आणि त्याच माद्रिदहून ॲटलेटिको क्लबचे सुमारे तीन हजार चाहते लिव्हरपूलच्या मैदानावर, ॲनफिल्डवर, येऊन बसले होते.

तुम्ही मँचेस्टर युनायटेडचे, म्हणजे लिव्हरपूलचे जुने वैरी असाल तर ११ मार्च हा तुमचा हुकमी पत्ता. तो जपून वापरा, रोज नको. एरवी माणसाच्या जिवापुढे फुटबॉल काहीच नाही, हे वाक्य पुरतं. फेब्रुवारीपर्यंत हे तुम्हाला माहीत नव्हतं, पण आता त्याचं काय. मधूनमधून घरातल्या वडीलधाऱ्यांचा उल्लेख करा. मग हळूच सुचवा की हंगामच रद्द करावा, सगळ्यांचे निकाल पुसून टाकावेत, आमचे पुसा, चेल्सीचे पुसा आणि हो, लिव्हरपूलचेही. लिव्हरपूलचं नाव शेवटी आणि अगदी सहज यायला हवं, नाहीतर कळवळ्यातली हवा जाते.

तळाच्या संघांचं काम थोडं नाजूक असतं (शेवटचे तीन खालच्या श्रेणीत जातात), पण तिथे वाट दाखवायला क्लबच पुढे होते. वेस्ट हॅम सोळाव्या नंबरावर, बॉर्नमथ आणि वॉटफर्डइतकेच २७ गुण, निव्वळ गोलफरकावर तरलेला. लीग थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या उपाध्यक्ष कॅरेन ब्रॅडी यांनी वर्तमानपत्रात लिहून टाकलं की हंगाम रद्दबातल करावा. गर्दी टाळण्यासाठी तटस्थ मैदानांवर सामने खेळवायचं घाटत होतं, तेव्हा सर्वांत मोठा आक्षेप आला तो तळाच्या क्लबांकडून. घरच्या मैदानावर विषाणू सभ्यपणे वागतो, हा शोध तेव्हाचाच.

संघ दहावा-अकरावा असेल तर तुम्हाला मत नाही. गप्प बसा, केक करा.

इतर देशांच्या लीगचे चाहते असाल तरी नियम हाच. हॉलंडने एप्रिलमध्ये हंगाम सोडून दिला. आयाक्स आणि एझेड अल्कमार ५६-५६ गुणांवर होते, विजेता कुणीच नाही, खाली कुणी जायचं नाही, वर कुणी यायचं नाही. दुसऱ्या श्रेणीत पहिला, तिसऱ्यापेक्षा ११ गुणांनी पुढे असलेला कांबूर वर यायचा तो तिथेच राहिला. कांबूरच्या चाहत्याला त्या काळात कुणी आर-नॉट (एका रोग्यापासून किती जणांना लागण होते तो आकडा) समजावून सांगायला गेलं असेल तर त्याच्या धैर्याला सलाम. फ्रान्सनेही एप्रिलअखेरीस शटर ओढलं, तेव्हा लियाँ सातवा होता, म्हणजे पुढच्या हंगामातल्या युरोपीय स्पर्धांच्या बाहेर. घाई झाली, असं ठामपणे म्हणणाऱ्यांत त्यांचे अध्यक्ष ओलास आघाडीवर होते. ते पहिल्या नंबरावर असते तर, असा प्रश्न विचारू नये. मोठ्या माणसांना जर-तर विचारत नाहीत.

आता पुरावे. पुराव्यांसाठी जर्मनी. तिथे १६ मे २०२० ला बुंडेसलीगा सुरू झाली, डॉर्टमुंडने शाल्केला ४-० ने हरवलं आणि हालांडने गोल केल्यावर सहकाऱ्यांना मिठी न मारता लांबूनच नाच केला. जर्मनीतून दोन्ही बाजूंना पुरेल एवढा माल मिळतो. सुरू करा म्हणणाऱ्याने जंतुनाशकाने पुसलेले चेंडू दाखवावेत, राखीव खेळाडूंचे मास्क आणि दोघांच्या मधल्या रिकाम्या खुर्च्या दाखवाव्यात. नको म्हणणाऱ्याने कॉर्नर किक दाखवावी. बाहेर सहा फुटांवर बसलेली माणसं आत गेल्यावर एकमेकांचे शर्ट धरून एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडत उभी असतात.

आणि दोघांनाही उपयोगी पडेल असे एकच, ते म्हणजे आउग्सबुर्गचे प्रशिक्षक हाइको हेरलिश. त्यांची तिथली पहिलीच मॅच व्हायची होती. सगळा संघ हॉटेलात विलगीकरणात. साहेबांची टूथपेस्ट संपली, त्वचेला लावायचं क्रीमही लागत होतं, म्हणून ते जवळच्या सुपरमार्केटमध्ये गेले. कुणी पकडलं नाही. त्यांनीच पत्रकार परिषदेत बोलण्याच्या ओघात सांगितलं. मग नियम मोडला म्हणून सामन्याला मुकले आणि संघ वोल्फ्सबुर्गकडून घरच्या मैदानावर १-२ हरला. पाहा, नियम किती कडक आहेत, असं एकाने म्हणावं. पाहा, प्रशिक्षकालाच पाळता येत नाहीत, असं दुसऱ्याने. रिसेप्शनवर फोन करून टूथपेस्ट का मागवली नाही, हा प्रश्न मला अजून छळतो, पण तो तुमच्या कामाचा नाही.

आकडेही असेच दुधारी निवडावेत. इंग्लंडमधल्या तपासणीच्या पहिल्या फेरीत ७४८ जणांचे नमुने घेतले, सहा पॉझिटिव्ह निघाले. तुमच्या गुणतक्त्याप्रमाणे ते ‘फक्त सहा’ किंवा ‘तब्बल सहा’ म्हणा.

खेळाडूंच्या भीतीबद्दल बोलताना मात्र दया दाखवू नका. वॉटफर्डचा कर्णधार ट्रॉय डीनी म्हणाला, घरात पाच महिन्यांचा मुलगा आहे, त्याला श्वसनाचा त्रास आहे, मी सरावाला येत नाही. लोक तुटून पडले, मुलालाही सोडलं नाही. तुम्हालाही तेच करायचं आहे, पण त्याआधीची तयारी नीट करा. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवा. टोमॅटो मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, कोथिंबिरीची जुडी सुटी करून बाल्कनीत वर्तमानपत्रावर पसरा. वर्तमानपत्र महिन्याभरापूर्वीचं असावं, कारण ताजं तुम्ही बंद केलं आहे. कचरा टाकायला जाताना लिफ्टचं बटण टूथपिकने दाबा, परत आल्यावर टूथपिकसकट आंघोळीला जा. मग सोफ्यावर बसा, फोनच्या काचेवरून सॅनिटायझरचा बोळा फिरवा आणि लिहा: एवढे करोडो रुपये घेतात, यांना खेळायला काय होतंय?

रिकाम्या स्टेडियमचा मुद्दा निघाला की उसासा टाकायचा असतो. प्रेक्षकांविना फुटबॉल म्हणजे आत्म्याविना देह, वगैरे. मग पुठ्ठ्याच्या चाहत्यांकडे वळा. म्योन्शनग्लाडबाखमध्ये १९ युरो भरले की तुमच्या फोटोचा पुठ्ठा खुर्चीत बसायचा. सोलमध्ये क्लबने खुर्च्यांवर पुतळे बसवले, ते प्रौढांच्या खेळण्यांच्या दुकानात शोभणारे निघाले आणि क्लबला दहा कोटी वॉन दंड झाला. (हे ग्रुपमध्ये टाकण्याआधी मामा त्यात आहेत का ते बघा.) स्पेनमध्ये आणि इंग्लंडमध्ये टीव्हीवर गर्दीचा आवाज व्हिडिओ गेममधून आणला. खरी मजा गेली, असं तुम्ही हळहळून म्हणा. ॲनफिल्डचा आवाज तुम्ही आजवर ऐकलात तो घरचे झोपलेत म्हणून चारवर ठेवलेल्या व्हॉल्यूममध्ये. पण ते लिव्हरपूलच्या लोकांना कुठे माहीत आहे?

मधल्या काळात उपासमार झालीच तर बेलारूस आहे. तिथले राष्ट्राध्यक्ष विषाणूवर व्होडका आणि सॉना सुचवत होते आणि लीग जोरात चालू होती. पहिल्याच दिवशी एनर्गेतिक-बीजीयूने बाटेला ३-१ ने हरवलं. हे तुम्ही पाठ केलं होतं, आठवतंय? आता त्यांचा एक खेळाडू सांगा.

गोव्याच्या वाचकांना काय सल्ला द्यावा हे मला खरंच कळत नाही. १४ मार्च २०२० ला फातोर्ड्यात आयएसएलची फायनल झाली, कोलकात्याच्या एटीकेने चेन्नईयिनला ३-१ ने हरवलं, आत प्रेक्षक नाही. नोव्हेंबरपासूनचा पुढचा अख्खा हंगाम गोव्यातच, फातोर्डा, वास्कोचं टिळक मैदान आणि बांबोळीचं जीएमसी स्टेडियम मिळून. देशभरातले अकरा संघ दारात येऊन राहिले. मोहन बागान-ईस्ट बंगालची डर्बी वास्कोत झाली, तीही कोलकात्याविना आणि वास्कोविनाही. एफसी गोवा सेमीफायनल पेनल्टीवर मुंबईकडून हरला तो बांबोळीत, आणि मडगावकराने ते पाहिलं टीव्हीवर. तक्रार करायचा हक्क कुणाला असेल तर यांना. तर त्यांनी ती करू नये. ग्रुपमध्ये आर्सेनलचं चाललेलं असतं.

सामने सुरू झाल्यावर काय करायचं हे सोपं आहे, कारण ते आपोआप होतं. १७ जून २०२०, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, ॲस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड. ब्रिटनमधल्या मृतांचा अधिकृत आकडा ४० हजारांच्या वर गेलेला. ४२ व्या मिनिटाला व्हिलाचा गोलरक्षक निलान चेंडू छातीशी घेऊन थेट गोलरेषेच्या पलीकडे गेला. चेंडू रेषा ओलांडताच कॅमेऱ्यांच्या इशाऱ्यावर वाजणारं पंचाचं घड्याळ वाजलं नाही, गोल दिला नाही, सामना ०-०. तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीने नंतर माफी मागितली, कॅमेऱ्यांच्या वाटेत माणसं आली म्हणे. तीन महिने विषाणूवर बोलणारे सगळेच्या सगळे ४३ व्या मिनिटाला कॅमेऱ्याच्या कोनाचे जाणकार झाले होते. हंगाम संपला तेव्हा व्हिला ३५ गुणांवर वाचला, बॉर्नमथ आणि वॉटफर्ड ३४ वर बुडाले. बॉर्नमथच्या चाहत्याला साथीतलं सर्वांत मोठं नुकसान कोणतं, असं विचारून पाहा.

२५ जूनला चेल्सीने सिटीला हरवलं आणि लिव्हरपूल घरबसल्या विजेता झाला. घरबसल्या फक्त खेळाडूंपुरतं. चाहते ॲनफिल्डबाहेर जमले, दुसऱ्या दिवशी शहरातल्या पिअर हेडला, नदीकाठी, जमले, फटाक्याने तिथल्या लिव्हर बिल्डिंगला आग लागली. सामने बंद दाराआड होणार, मग धोका कसला, असं मे महिन्यात लिहिणाऱ्यांनी ते मेसेज वेळीच डिलीट करावेत. युनायटेडच्या चाहत्यांनी गर्दीचे फोटो शेअर करून खाली वडीलधाऱ्यांची आठवण काढावी.

पण त्यांनी ते शब्द फार खर्चू नयेत. २ मे २०२१ ला, बड्या क्लबांनी काढायला घेतलेल्या वेगळ्या सुपर लीगच्या रागाने आणि क्लबचे मालक ग्लेझर यांच्या निषेधाने, युनायटेडचे चाहते ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले. वर्षभर प्रेक्षकांना बंद असलेलं मैदान, आणि सामना नेमका लिव्हरपूलशी. तो पुढे ढकलावा लागला. आपल्याकडे त्या आठवड्यात ग्रुपवर ऑक्सिजन बेड आणि रेमडेसिवीरचे मेसेज फिरत होते. अशा वेळी तुम्ही लिव्हरपूलचे असाल तर दोन मेसेजच्या मधली फट बघून लिहा: साथीच्या काळात एवढी गर्दी? माणसाच्या जिवाची काही किंमत आहे की नाही? आणि सामना झालाच नाही, तर तीन गुण आपल्याला मिळायला हवेत ना?