उत्सवाची उंची आणि खिडकीतला माणूस

पुण्यात लकडी पुलावरून जाणाऱ्या मेट्रोमुळे विसर्जन मिरवणुकीतील उंच देखावे अडतील, असा आक्षेप गणेश मंडळांनी 2021 साली घेतला होता. मूर्तीची उंची, ध्वनिवर्धकांच्या भिंती आणि रात्रीची वेळमर्यादा यांवरचा वाद तर दर भाद्रपदात पेटतो, आणि मर्यादा आली की परंपरेवर घाला पडला, असे हमखास म्हटले जाते. टोकियोत राहून येथील जुनी लाकडी ठशांची चित्रे पाहताना मला हा युक्तिवाद पटत नाही.

टोकियोचे जुने नाव एदो. चित्रकार उतागावा हिरोशिगे याने 1856 ते 1858 या काळात या शहरावर शंभराहून अधिक चित्रांची मालिका केली. तीतील सान्नो देवस्थानाच्या उत्सवाच्या चित्रात उंच, सजवलेले रथ मिरवणुकीने निघालेले दिसतात. ही मिरवणूक शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या किल्ल्यात जात असे, आणि वेशीखालून जाता यावे म्हणून वरचे मजले खाली उतरवता येतील असे रथ बांधण्याची पद्धत एदोत रुळली. पुढे मेइजी काळात (1868 ते 1912) रस्त्यांवर विजेच्या तारा आल्या, तेव्हा रथ मागे पडले, काही आसपासच्या गावांना विकले गेले, आणि खांद्यावरून वाहायचे देव्हारे मिरवणुकीच्या केंद्रस्थानी आले. रथ गेले ही हानीच होती, असे मी मानतो; परंतु याच शहरातील कान्दा देवस्थानाचा मोठा उत्सव आजही एक वर्षाआड मे महिन्यात तितक्याच उत्साहाने होतो.

याच मालिकेतील तोरी-नो-माची जत्रेचे 1857 सालचे चित्र मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यात जत्रा दूर भातशेतांच्या पलीकडे आहे. व्यापारात बरकत यावी म्हणून घेतलेले बांबूचे दाताळे उंचावून लोक चालले आहेत. जवळ आहे ती योशिवारा या वेश्यावस्तीतील एक खोली. तिच्या जाळीच्या खिडकीत पांढरी मांजर बसली आहे आणि जमिनीवर दाताळ्याच्या आकाराचे केसांतले काटे पडले आहेत. खोलीतली स्त्री दिसत नाही. कर्जाने बांधलेल्या तेथील स्त्रियांना वस्तीबाहेर मोकळेपणाने जाता येत नसे, आणि उत्सवाचे चित्र काढताना हिरोशिगेने नेमकी त्यांचीच खिडकी निवडली.

आपल्या वादात अशा खिडकीला जागा नाही. निवासी भागात रात्री आवाजाची कायदेशीर मर्यादा 45 डेसिबल आहे आणि सणाच्या काही दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलतही मिळते. तरीही मिरवणुकीच्या मार्गावरील आजारी माणूस किंवा तान्ह्या बाळाची आई बोलली, की तिला उत्सवविरोधी ठरवले जाते. ती माणसेही त्याच गणपतीची आहेत. मंडळांकडे हलते देखावे उभारणारे कुशल कारागीर आहेत. मेट्रोच्या पुलाखालून जाताना खाली येणारे रथ त्यांना अशक्य नाहीत, आणि आवाजाची पातळी व वेळ मार्गावरील घरांना विचारून आधीच ठरवणे तर त्याहून सोपे आहे.