ताण आलाय? चूक तुमचीच असणार

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या, ऑफिसात ताण येतो तो कामामुळे नाही, तुमच्यामुळे येतो. दोघं नोकरी सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही आणि त्यांचं सगळं काम तुमच्या टेबलावर येऊन पडलं, हे काही कारण नाही हो. कारण हे की तुम्हाला श्वास नीट घेता येत नाही. पोटातून घ्यायचा असतो तो. काम तसूभर हलणार नाही, पण तुम्ही शांत दिसाल, आणि शांत दिसणाऱ्या माणसाला अजून एक काम द्यायला साहेबांना जरा बरं पडतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, कामाच्या जागचा दीर्घकाळचा ताण जो नीट हाताळला गेला नाही त्यातून होणारा प्रकार. आता बघा, 'हाताळला गेला नाही', कुणी हाताळायचा होता ते लिहिलेलंच नाही! एचआरने ती रिकामी जागा वाचली आणि गुपचूप तुमचं नाव भरून टाकलं.

म्हणून मग वेलनेस सेशन. ते जेवणाच्या सुट्टीतच असतं, कामाच्या वेळेत ताण घालवायला परवानगी नाही. हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू. मागच्या महिन्यात मीही बसलो होतो, स्क्रीनवर धबधबा, मॅडम सांगतायत विचार येऊ द्या, जाऊ द्या, आणि तेवढ्यात खाली कोपऱ्यात साहेबांचा मेसेज, 'सेशन चालू असेल ना, ती शीट तेवढी पटकन पाठवतोस का?' मग काय, चेहऱ्यावर समाधीचा भाव ठेवून हाताने शीट भरली. शेवटी पोल आला, ताण किती कमी झाला? पर्याय दोनच, 'खूप' आणि 'खूपच'. मी 'खूपच' दाबलं, नाहीतर फॉलोअप सेशन लावतात.

रॉबर्ट कॅरसेक नावाच्या संशोधकाने १९७९ मध्येच मांडून ठेवलंय की कामाचा रेटा प्रचंड आणि ठरवायचा अधिकार नाही, हे एकत्र आलं की ताण सगळ्यात वाईट. पण तुम्हाला अधिकार नाही असं कोण म्हणतं? डेडलाईन तुम्ही ठरवत नाही, माणसं किती लागतील ते तुम्ही ठरवत नाही, मान्य. पण दाबायचा तो स्ट्रेस बॉल मिळतो ना, त्याचा रंग तुम्हीच निवडायचा, लाल की निळा. निळा लवकर संपतो, आधीच सांगतो.

आणि ते तास मोजत बसणं बंद करा. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम केलं तर ३५-४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं. आता मोजलेच नाहीत तर ५५ झाले हे कळणार कसं?

रात्री सव्वाअकराला 'अर्जंट नाहीये, उद्या बघ' असा मेसेज आला तर घाबरू नका, लगेच उत्तर द्या. नाही दिलं तर पाच मिनिटांनी दोन प्रश्नचिन्हं येतात, त्या दोन प्रश्नचिन्हांनी जी झोप उडते ती कुठल्याच श्वासाने परत येत नाही बरं का. फ्रान्समध्ये कामाचे तास संपल्यावर असल्या मेसेजपासून लांब राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे म्हणे. आळशी लोक.

एवढं करूनही नाहीच जमलं तर सरळ रजा मागा. माझी लगेच मंजूर झाली, साहेब म्हणाले, घे की, हक्काची आहे तुझी, फक्त लॅपटॉप बरोबर ठेव.