हिरव्या सळ्यांचे संगोपन

वरळी असो वा वर्सोवा, खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यात इमारत बांधत असाल तर सळ्या गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर इपॉक्सी या चिवट राळेचा हिरवा लेप अवश्य चढवून घ्यावा. माहितीपत्रकातल्या छायाचित्रात तो फार खुलून दिसतो. कारखान्यात सळई स्वच्छ घासून सुमारे 230 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि तिच्यावर इपॉक्सीची भुकटी फवारून 0.1 ते 0.3 मिलिमीटर जाडीचा थर मिळवतात. इतके लाड झालेली सळई ट्रकमधून नायलॉनच्या पट्ट्यांनी उतरवावी, असा आग्रह धरणारा इंजिनिअर नवखा समजावा. ती सरळ खडीवर टाकावी. आवाजावरून माल अस्सल असल्याचीही खात्री पटते.

त्यानंतर सळ्या चार महिने उघड्या उन्हात राहू द्याव्यात, म्हणजे लेप छान ठिसूळ होतो. बांधायला साधी उघडी तार वापरावी. कापलेल्या टोकांना आणि ओरखड्यांना लावण्यासाठी आलेला इपॉक्सीचा डबा मात्र स्टोअरमध्ये सीलबंदच ठेवावा, कारण तपासणीला कोणी आलेच तर भरलेला डबा दाखवता येतो.

ओरखडे ते केवढे, असे आपणास वाटेल, आणि तेच योग्य आहे. चांगल्या काँक्रीटमधला अल्कधर्म सळईभोवती स्वतःच एक संरक्षक पापुद्रा धरतो. समुद्राच्या मिठातले क्लोराइड आत झिरपून तो फोडतात. बाकी अख्खी सळई लेपाखाली हिरवीगार असते, म्हणून गंज सगळा जोर त्या नखाएवढ्या ओरखड्यावर काढतो आणि तिथेच खोल खड्डा पाडतो. शेजारच्या उघड्या सळ्यांशी तिची गाठ पडली असेल तर काम आणखी लवकर होते. फ्लोरिडा कीज बेटांच्या समुद्रात अशाच सळ्यांवर उभारलेल्या पुलांचे खांब काही वर्षांतच गंजू लागल्याचे 1986 मध्ये आढळले होते. पण ती अमेरिका, आपण कशाला मनावर घ्यावे?

काँक्रीटच्या बांधकामाचे भारतीय मानक आयएस 456 समुद्राचे तुषार झेलणाऱ्या काँक्रीटमध्ये सळईवर 50 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचे आवरण, मागते. लेप आहे म्हटल्यावर त्याची गरजच काय? हे अंतर राखणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा एखादा तुकडा सरकवावा, आणि काँक्रीट हलवून दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरचे धातूचे डोके लेपावर मनसोक्त घासू द्यावे.

पुढे गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट फुगून बाल्कनीच्या तळाचा पोपडा खाली पाडेल, तेव्हा सोसायटीने डगमगू नये. तीस वर्षांनी होणारे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, अजून दूर असते. उघड्या पडलेल्या सळईवर हिरवा ऑइलपेंट मारून घ्यावा. मूळ रंगाशी तो अगदी जुळतो.